बाप्तिस्मा कोणाचा मानला जातो, हे आधी पाहावे

आपण विचारले आहे की, बेळगावच्या मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) घरातील आपल्या पुतणीचे लग्न खानापूरकडील कॅथलिक मुलाशी ठरले असताना, शहापुरात घरगुती प्रार्थनासभा चालवणाऱ्या एका गटाने ‘तुम्ही दोघेही खरे ख्रिस्ती नाही’ असे सुनावले. तर खरे कोण, हे ठरवायचे कोणी?

सर्वांना मान्य होईल असा न्यायाधीश येथे नाही. मात्र मंडळीची, म्हणजे स्थानिक चर्चची, नोंदवही अनेक वर्षे सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, कोणता पंथ कुंपण कोठे घालतो हे त्याच्या प्रवचनापेक्षा, तो दुसऱ्याचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) मानतो की नव्याने देतो, यावरून अधिक नेमके कळते.

पाणी वापरून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने आणि चर्चला अभिप्रेत असलेल्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा, तो कोणत्याही पंथाच्या पाळकाने दिलेला असो, कॅथलिक चर्च ग्राह्य धरते. याचे मूळ चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटस-पंथीयांशी, म्हणजे अपात्र पाळकाने दिलेला संस्कार व्यर्थ मानणाऱ्यांशी, झालेल्या वादात आहे. संस्कार देणारा कसाही असला तरी संस्कार ख्रिस्ताचा असतो, ही संत ऑगस्टीन यांची भूमिका त्यातूनच पक्की झाली. म्हणून आपल्या पुतणीचा बाप्तिस्मा पुन्हा होणार नाही, आणि या विवाहाला बिशपांची ‘परवानगी’ लागेल; तिचा बाप्तिस्माच झालेला नसता तर ‘सूट’ लागली असती, आणि ती न घेता झालेला विवाह चर्चच्या लेखी अवैध ठरला असता. अर्जातील एवढ्या एका शब्दात सारे ईश्वरविज्ञान सामावलेले आहे. तरीही मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, तिला ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) सहसा मिळणार नाही, कारण आत आणखी एक कुंपण आहे: कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली इतर बाप्तिस्मित ख्रिस्ती लोकांशी असलेले नाते खरे, परंतु अपूर्ण मानले.

मेथडिस्टांविषयी फार लिहावे लागत नाही. ३२५ साली नीकिया येथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे ठरलेली त्रैक्याची (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही) श्रद्धा त्यांनाही मान्य आहे, आणि तेही कॅथलिकांना पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

घरगुती गटाचे कुंपण मात्र मतांगीकारावर (ठरलेल्या श्रद्धावचनांवर) नसून ‘नव्या जन्माच्या’, म्हणजे स्वतः अनुभवलेल्या अंतःकरण-बदलाच्या, साक्षीवर उभे असते. बाळाच्या डोक्यावर ओतलेले पाणी त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्माच नव्हे. त्यामुळे प्रौढाला बुडवून दिलेला बाप्तिस्मा ते ‘दुसरा’ मानत नाहीत. त्यांना एवढेच विचारावे की तो कोणाच्या नावाने देता. पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे उत्तर आले, तर ज्या रोमला, म्हणजे कॅथलिक चर्चला, ते खोटे ठरवतात ते रोमही तो ग्राह्य धरू शकते, ही गंमत त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रेषितांची कृत्ये २:३८ पुढे करून केवळ येशूच्या नावाने देत असतील आणि देवात तीन व्यक्ती नाहीत असे शिकवत असतील, तर मुख्य प्रवाहातील बहुतेक मंडळ्या त्यांना कुंपणाबाहेर मानतात.

अर्थात नुसते शब्द पुरत नाहीत. मॉर्मन या अमेरिकेतून आलेल्या पंथाचे लोक बाप्तिस्म्यात हीच तीन नावे घेतात, तरी त्या नावांचा त्यांचा अर्थ वेगळा असल्याने रोमने २००१ साली तो बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला. उलट टोकाला आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक: त्यांनी १९१७ साली काढलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालत होते. मला ते धाडस प्रिय आहे; पण त्या पायावर विवाहाची नोंद होत नाही.

तेव्हा पाळकसाहेबांकडून पुतणीच्या बाप्तिस्म्याचा दाखला आताच काढून घ्यावा. मुलाला आपली मुले कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते आणि त्याची कल्पना तिला द्यावी लागते. हे बोलणे लग्नपत्रिका छापण्यापूर्वी दोन्ही घरांत व्हावे. लग्न मेथडिस्ट चर्चमध्ये व्हावे अशी इच्छा असेल, तर कॅथलिक विधीतून सूट मागणारा अर्जही परवानगीच्या अर्जासोबतच द्यावा.