अपक्षाला दिलेले मत निकालानंतर कुठे जाते?

विधानसभा निवडणुकीतील अपक्ष उमेदवारांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राने सर्वाधिक जागा घेतली आहे, कारण उरलेल्या तिघांच्या शंकाही थोड्याफार त्याच मुद्द्यापाशी येऊन थांबतात.

प्रश्न : दोन्ही आघाड्यांना कंटाळून आमच्या मतदारसंघाने एकदा अपक्ष उमेदवाराला निवडून दिले होते. निकालाला आठवडाही उलटला नसेल, तोच त्यांनी एका पक्षाला पाठिंब्याचे पत्र दिले आणि पुढची पाच वर्षे ते त्याच पक्षाच्या व्यासपीठावर दिसत राहिले. पक्षांतरबंदी कायदा अपक्षांना लागू होत नाही का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : लागू होतो, आणि कागदावर तरी तो पक्षाच्या आमदारापेक्षा अपक्षाला अधिक कडक लागू होतो. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. तिच्या दुसऱ्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर कोणत्याही राजकीय पक्षात सामील झाला, तर तो सदस्यत्वाला अपात्र ठरतो. राज्यपालांनी किंवा राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्याला पक्ष निवडण्यासाठी निदान सहा महिन्यांची मुभा मिळते, अपक्षाला मात्र एका दिवसाचीही मुभा नाही. विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य एकत्र आले तर विलीनीकरणाची ढाल पुढे करून ते दुसऱ्या पक्षात जाऊ शकतात. एकट्या अपक्षाला ही वाटही बंद आहे. पक्षप्रवेश करायचाच असेल, तर राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे जाण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

मग आपल्या आमदारांनी जे केले ते कशात बसते? कायद्याने बंदी घातली आहे ती प्रवेशाला, पाठिंब्याला नाही. सरकारच्या बाजूने मत देणे, राज्यपालांकडे पाठिंब्याचे पत्र पाठवणे, इतकेच काय पण त्या सरकारात मंत्री होणे, यांपैकी कशानेही अपक्षाचे अपक्षपण कायद्याच्या दृष्टीने संपत नाही. कर्नाटकात २०१० साली हाच वाद उभा राहिला होता. तेथील पाच अपक्ष आमदार भाजपच्या सरकारात मंत्री होते, त्यांनी पाठिंबा काढून घेतला आणि विधानसभा अध्यक्षांनी, ते भाजपमध्ये सामील झाल्याचे धरून, त्यांना अपात्र ठरवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. सरकारला पाठिंबा देणे किंवा मंत्रिपद स्वीकारणे म्हणजे पक्षात सामील होणे नव्हे, असे न्यायालयाने मानले. याउलट हरियाणात २००४ साली अपात्र ठरलेल्या अपक्ष आमदारांच्या बाबतीत २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवला, कारण तेथे त्यांनी पक्षात प्रत्यक्ष प्रवेश केल्याचे दाखवणारा पुरावा पुढे आला होता. थोडक्यात, गळ्यात उपरणे पडले आणि त्या क्षणाची चित्रफीत निघाली, तर अपक्ष आमदार अडचणीत येऊ शकतो. उपरणे न घेता पाच वर्षे शेजारच्या खुर्चीवर बसला, तर सहसा येत नाही. ही रेघ फार बारीक आहे आणि ती कुठे ओढायची हे आधी विधानसभा अध्यक्ष ठरवतात, जे स्वतः बहुधा सत्ताधारी पक्षाचे असतात.

महाराष्ट्राचा अनुभव पाहिला तर पाठिंब्याची ही मुभाच अपक्षांचे खरे बळ ठरली आहे. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या, म्हणजे युतीचे बळ १३८ झाले. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. त्या सभागृहात ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते, आणि मनोहर जोशी यांचे सरकार त्यांच्याच आधारावर उभे राहिले. तिकीट नाकारले म्हणून ज्या पक्षाविरुद्ध ते लढले, त्याच पक्षाला सत्तेपासून दूर ठेवण्यात त्यांचा हात लागला. पुढे २०१९ मध्ये १३ अपक्ष निवडून आले आणि त्यांपैकी शिरोळचे राजेंद्र पाटील यड्रावकर महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. २००६ साली झारखंडमध्ये तर मधू कोडा हे अपक्ष आमदार थेट मुख्यमंत्रीच झाले आणि जवळजवळ दोन वर्षे त्या पदावर राहिले.

परंतु हे बळ अपक्षाच्या स्वतःच्या गुणांपेक्षा सभागृहाच्या गणितावर अवलंबून असते. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात एकूण ४,१३६ उमेदवार रिंगणात होते, त्यांपैकी २,०८६ अपक्ष होते. निवडून आले ते दोनच, जुन्नर आणि चंदगड येथून. शिवाय महायुतीला इतके मोठे बहुमत मिळाले की या दोन मतांची कोणाला गरजच उरली नाही. १९९५ चा अपक्ष सरकारपुढे अटी ठेवू शकत होता, २०२४ च्या अपक्षाला मात्र आपल्या मतदारसंघातील कामांसाठी सरकारकडे विनंती करावी लागते. आपण अपक्षाला मत दिलेत तेव्हा सभागृह अधांतरी राहील की नाही, हे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्या उमेदवारालाही नव्हते. त्यामुळे त्यांनी पाठिंबा दिला याविषयी माझी फारशी तक्रार नाही. कोणाला पाठिंबा देणार आणि कोणत्या अटींवर, हे त्यांनी प्रचारात एकदाही सांगितले नाही आणि ते विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही, ही माझी खरी तक्रार आहे. पक्षाच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारण्याची गरज नसते, कारण त्याचे उत्तर त्याच्या चिन्हातच असते. अपक्षाला तो पहिल्याच सभेत विचारला पाहिजे आणि उत्तर मिळाले नाही, तर ते न देणे हेही उत्तर समजले पाहिजे.

प्रश्न : मी सामाजिक कार्यकर्ती आहे आणि पुढील विधानसभा अपक्ष म्हणून लढवावी असा आमच्या गटाचा आग्रह आहे. पक्षाच्या उमेदवाराच्या तुलनेत मला कोणत्या जास्तीच्या अटी पाळाव्या लागतील? (एक वाचक, नांदेड जिल्हा)

उत्तर : वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असणे आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असणे या अटी सर्वांना सारख्याच आहेत. फरक पडतो तो सूचकांच्या संख्येत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, आपल्याला दहा लागतील आणि ते दहाही त्याच मतदारसंघातील मतदार असले पाहिजेत. शेजारच्या मतदारसंघातील एखाद्या सूचकाची सही चुकून घेतली गेली, तर छाननीत अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक प्रत्येकाच्या नावापुढे स्वतः ताडून पाहा. जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात, तेव्हा वेगवेगळ्या सूचकांच्या सह्या घेऊन दोन-तीन अर्ज भरून ठेवलेले बरे.

दहा सूचकांची ही अट १९९६ च्या दुरुस्तीने आली. त्याच वर्षी तमिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले होते. शेतकऱ्यांनी निषेधाचा मार्ग म्हणून घाऊक अर्ज भरले आणि मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका छापावी लागली. तेव्हा विधानसभेची अनामत अवघी २५० रुपये होती. दुरुस्तीने ती ५,००० केली आणि पुढे २००९ च्या दुरुस्तीने १०,००० झाली. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना निम्मी रक्कम भरावी लागते. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तरच पराभूत उमेदवाराला ती परत मिळते. म्हणजे १,८०,००० वैध मते पडली तर आपल्याला ३०,००० च्या वर जावे लागेल. ‘नोटा’ची मते या हिशेबात धरली जात नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

अर्ज आणि अनामत यांपेक्षा प्रचाराचा खर्च अधिक अवघड जातो, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे आणि ती अपक्षालाही तितकीच आहे, त्यामुळे वरकरणी नियम समान वाटतो. प्रत्यक्षात पक्षाने आपल्या एकंदर प्रचारावर केलेल्या खर्चाला कायद्याने मर्यादा नाही आणि पक्षाच्या ‘स्टार प्रचारकां’चा हेलिकॉप्टरचा प्रवासखर्चही उमेदवाराच्या खात्यात पडत नाही. आपल्या प्रचाराला बाहेरून कोणी आले, तर त्यांच्या गाडीचे डिझेलसुद्धा आपल्याच हिशेबात येईल. पक्षाला देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळते, अपक्षाला देणाऱ्याला मिळत नाही. मतदारयादीची विनामूल्य प्रत मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मिळते. आपल्याला ती शुल्क भरून घ्यावी लागेल. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब सादर करा. हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि हरल्यावर हा कागद विसरला जाणे फार सोपे असते.

प्रश्न : प्रमुख उमेदवारासारखेच नाव असलेला किंवा त्याच्या चिन्हासारखे चिन्ह मिळालेला अपक्ष उभा करून मते फोडली जातात, असे ऐकतो. आयोग याला आळा का घालत नाही? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : आपल्या जिल्ह्याला याचा अनुभव चांगलाच आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते मिळाली. चिन्हाच्या बाबतीत २०२४ ची लोकसभा लक्षात राहण्यासारखी आहे. शरद पवार यांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले होते आणि मुक्त चिन्हांच्या यादीतील ‘ट्रम्पेट’चे मराठी नावही तेव्हा ‘तुतारी’ असेच होते. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले, तर ते मुक्त चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. ही सारी मते चुकून पडली असे ठामपणे म्हणता येणार नाही. दिंडोरीत तेच चिन्ह आणि विजयी उमेदवाराचेच आडनाव असलेल्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते मिळाली आणि तरीही पवारांच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला.

नावाच्या बाबतीत आयोगाचे हात बांधलेले आहेत. जन्माच्या वेळी मिळालेल्या नावामुळे कोणाचा उभे राहण्याचा हक्क हिरावून घेता येत नाही, आणि नामसाधर्म्य असलेल्या उमेदवारांना रोखावे अशी मागणी करणारी याचिका मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ऐकून घेण्यास नकार दिला. दोन नावे सारखी असतील तर व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून ती वेगळी दाखवण्याची तरतूद नियमांत आहे. यंत्रावर छायाचित्रही असते. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्षांचे उमेदवार वर्णानुक्रमे येतात, त्यामुळे नामसाधर्म्य असलेला अपक्ष बहुतेक वेळा बराच खाली असतो. एका यंत्रावर सोळाच जागा असतात हे लक्षात घेतले, तर कधी कधी तो दुसऱ्या यंत्रावरच सापडतो. चिन्हाच्या बाबतीत मात्र आयोगाला करता येण्याजोगे बरेच आहे, कारण मुक्त चिन्हांची यादी तोच तयार करतो. मान्यताप्राप्त चिन्हाशी मराठी नावाने जुळणारे चिन्ह त्या यादीत राहू देणे हा निष्काळजीपणा होता असे मला वाटते.

प्रश्न : राज्यसभा निवडणुकीत आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात. अपक्ष आमदार कोणाला दाखवतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कोणालाही नाही. पक्षाच्या आमदाराने आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवणे बंधनकारक आहे, न दाखवल्यास ते मत बाद होते. अपक्षाला पक्षच नसल्याने त्याच्यासाठी असा प्रतिनिधी नसतो, आणि त्याने कोणाला मतपत्रिका दाखवलीच, तर उलट त्याचेच मत बाद होते. त्यामुळे राज्यसभेच्या मतदानात खरोखर गुप्त राहते ते अपक्षाचेच मत. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सहाव्या जागेसाठी भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार यांच्यात चुरस झाली आणि महाडिक निवडून आले, तेव्हा अपक्षांपैकी कोण कुठे गेले याची चर्चा कित्येक दिवस रंगली होती. ती अंदाजांवरच चालली, कारण त्या मतपत्रिका पाहण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाच्या प्रतिनिधीला नव्हता.