गोव्यातील इमारत प्रादेशिक वास्तुपुरस्काराला कशामुळे पात्र ठरते?

आपण विचारले आहे की, प्रादेशिक पातळीवरच्या वास्तुपुरस्कारासाठी परीक्षक नेमके काय पाहतात, आणि गोव्यात चिरा (तांबडा जांभा दगड), कौले व बलकांव (दारापुढचा, बसायला कट्टे असलेला ओटा) असलेले घर बांधले की ते आपोआप अशा पुरस्काराच्या योग्यतेचे होते का. मी फोंड्यात वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करतो आणि अशा पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर बसलेलो आहे. त्या अनुभवावरून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: मुळीच होत नाही. किंबहुना चिरा, कौले आणि बलकांव ही तिन्ही एकत्र दिसली की मी जरा सावध होतो.

प्रवेशिका समोर आली की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. ही इमारत जशीच्या तशी उचलून गुरुग्रामला किंवा हिंजवडीला नेऊन ठेवली, तर तिचे काय बिघडेल? काहीच बिघडणार नसेल, तर ती कितीही देखणी असो, तिला सर्वसाधारण गटात पारितोषिक द्यावे, प्रादेशिक पुरस्कार देऊ नये. उलट तिची लांब वळचण तिथे निरर्थक ठरणार असेल, दारे नसलेला तिचा सोपा तिथल्या थंडीत ओस पडणार असेल, तिचे उंच जोते तिथे उगाचच वाटणार असेल, तर ती इमारत इथल्या पावसाशी, उताराशी आणि माणसांशी काहीतरी करार करून उभी आहे असे समजावे आणि तिचे आराखडे नीट वाचायला घ्यावेत.

त्यातही मी छेदचित्र, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारे रेखाचित्र, सर्वांत आधी मागतो, कारण गोव्यातील वास्तूचा खरा परीक्षक पाऊस आहे. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तोही सरळ पडत नाही, तर नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येऊन भिंतीवर आदळतो. जुन्या घरांचे पाखे उतरते होते, वळचण भिंतीपासून चांगली पुढे आलेली होती आणि वसरीमुळे मुख्य भिंत पावसापासून दूर राहत होती. शिवाय मृगाच्या आधी पावसाच्या बाजूच्या भिंतींना झावळ्यांचे आवरण बांधले जाई. यात सौंदर्यदृष्टी नव्हती असे मी म्हणणार नाही, पण ती भिंत कोरडी ठेवण्याच्या गरजेतून आलेली होती. आजच्या प्रवेशिकांत मात्र सपाट स्लॅब, भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या मोठ्या काचा आणि छज्जाचा मागमूस नाही, असे चित्र वारंवार दिसते. त्यांची छायाचित्रे डिसेंबरात काढलेली असतात, तेव्हा रंग ताजा असतो आणि हिरवळ जोमात असते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही गावातून जाताना सपाट स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून घातलेले पत्रे दिसतात. मूळ आराखड्यात नसलेला प्रत्येक असा पत्रा म्हणजे घरमालकाने आपल्या वास्तुविशारदावर दिलेला निकाल आहे, आणि परीक्षक मंडळाने तो वाचायला शिकले पाहिजे.

म्हणूनच इमारत पूर्ण झाल्या झाल्या तिला पुरस्कार देण्याच्या मी विरोधात आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेला आणि दर तीन वर्षांनी दिला जाणारा आगा खान वास्तुपुरस्कार या बाबतीत आदर्श मानावा लागेल, कारण तिथे इमारत किमान वर्षभर वापरात असावी लागते आणि अंतिम टप्प्यातील प्रत्येक वास्तू पाहण्यासाठी तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जातात, वापरणाऱ्यांशी बोलतात आणि मगच परीक्षकांपुढे अहवाल ठेवतात. राज्य पातळीवरच्या पुरस्काराला एवढा खर्च झेपणार नाही हे मान्य आहे. पण गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यास काही तासच लागतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये एक फेरी मारायला कोणतीही सबब पुरेशी नाही.

आता चिऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, आणि गोव्याच्या बहुतेक भागांत तो जवळपास मिळत असल्यामुळे तो इथला स्वाभाविक बांधकामाचा दगड ठरला. पण तो सच्छिद्र आहे आणि पाणी पितो, म्हणून जुन्या गवंड्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला. उघडा, तांबूस चिरा म्हणजे अस्सल गोवा ही समजूत रूढ होण्यात जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या बासिलिकेचा मोठा वाटा असावा असे मला वाटते. १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मुळात गिलावा दिलेली होती. विसाव्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच तो खरवडून काढण्यात आला आणि आतला चिरा उघडा पडला. तेव्हापासून तो चिरा पावसाने झिजतो आहे आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर वाद चालू आहे. पर्यटकांच्या छायाचित्रांतून मात्र तो तांबडा दर्शनी भाग जगभर पोचला आणि तेच गोव्याचे रूप मानले जाऊ लागले. आज काँक्रीटच्या सांगाड्यावर चिऱ्याच्या पातळ लाद्या चिकटवून जे बंगले उभे राहतात, ते त्या खरवडलेल्या भिंतीचीच नक्कल करतात. ज्या भिंतीत चिरा भार पेलतो, जिथे त्याच्या जाडीमुळे आतली खोली दुपारी थंड राहते, तिथे तो गिलाव्याखाली झाकलेला असला तरी माझे गुण त्याला मिळतील, आणि लाद्या कितीही रेखीव बसवलेल्या असोत, त्यांना मिळणार नाहीत.

याच्या उलट उदाहरण द्यायचे तर पणजीच्या कांपालमधील कला अकादमीचे देतो. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही वास्तू १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावर उतरते कौलारू छप्पर नाही, तिला बलकांव नाही, आणि तरीही ती दुसरीकडे कुठे उभी राहू शकली असती असे मला वाटत नाही. मांडवीच्या काठावर ती मुद्दाम बुटकी ठेवली आहे. रस्त्याच्या बाजूने आत शिरले की मांडवाखाली शिरल्यासारखे वाटते, आणि त्या सावलीतून कोणतेही दार न ओलांडता माणूस थेट नदीकडे जातो. तिथे हजारेक प्रेक्षकांचे बंदिस्त नाट्यगृह आहे आणि दोनेक हजारांचे खुले प्रेक्षागृहही; पण नाटकाचे वा तियात्राचे (कोंकणी संगीत नाटकाचे) तिकीट नसलेला माणूससुद्धा त्या इमारतीत परका ठरत नाही, कारण अंगण आणि रस्ता यांच्यामधली जी जागा गोव्याच्या घरात सोप्याने व्यापलेली असते, तीच इथे सार्वजनिक मापात उभी केली आहे. नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतले प्रेक्षक सज्जांत बसून खऱ्या प्रेक्षकांकडे पाहत असतात, हा विनोदही इथल्याच स्वभावाचा. अकादमीच्या अलीकडच्या दुरुस्तीवरून बराच वाद झाला आहे, पण तो देखभालीचा प्रश्न आहे, मी मूळ रचनेविषयी बोलतो आहे. दिल्लीच्या जानेवारीत किंवा मे महिन्याच्या लूमध्ये असा दारे नसलेला प्रवेशमंडप निरुपयोगी झाला असता. गोव्यात तो वर्षभर चालतो. वास्तुसमीक्षक केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८३ मध्ये चिकित्सक प्रादेशिकवादाची मांडणी करताना प्रकाश, भूरूप आणि बांधणी यांवर भर दिला होता आणि जुन्या रूपांच्या भावुक नकलेपासून सावध केले होते; योगायोगाने त्याच वर्षी पुरी झालेली कला अकादमी त्या विचाराचा नमुना म्हणून आजही विद्यार्थ्यांना दाखवता येते.

जमिनीविषयी थोडक्यात सांगतो. डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवरचे सुंदर घर माझ्या लेखी बाद आहे. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील कलम १७-अ डोंगरकापणीला आणि सखल जमिनीच्या भरावाला आळा घालण्यासाठीच आहे, आणि कायदा पाळणे ही पुरस्काराची पायरी नव्हे, तो प्रवेशाचा उंबरठा आहे. विहीर, नाला, खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा) बांध यांचे काय झाले, हे परीक्षकाने शेजाऱ्याला विचारावे.

माणसांचा मुद्दा मात्र लवकर आटोपण्यासारखा नाही. घराचा आराखडा पाहताना मी विचारतो की चवथीला माटोळी कुठे बांधणार? हा प्रश्न ऐकून काही तरुण सहकारी हसतात, पण तो गंभीर आहे. गोव्यातील हिंदू कुटुंबात चवथीला मुंबई-पुण्याहून सगळे भाऊ मूळ घरी येतात, गणपतीवर फळा-फुलांची आणि रानातल्या वस्तूंची माटोळी टांगली जाते, तिचा भार पेलायला वर काहीतरी लागते आणि खाली पंचवीस-तीस माणसे बसतील अशी जागा लागते. जुन्या घरांतले राजांगण (घराच्या मधोमधचे उघडे अंगण) आणि त्याभोवतीची चौकी (छप्पर असलेली पडवी) हे काम सहज करत असे. नव्या घरात राजांगण असलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. पण नेहमी चार माणसांचे असणारे घर वर्षातून पाच दिवस तीस माणसांचे कसे होईल, याचा विचार ज्या आराखड्यात दिसतो, तो आराखडा इथल्या माणसाला ओळखतो. ख्रिस्ती घरातल्या सालाला (मोठ्या दिवाणखान्याला) आणि बलकांवावरच्या संध्याकाळच्या बसण्यालाही हेच लागू आहे. आसगाव-शिवोली परिसरात गेल्या काही वर्षांत बांधलेली कितीतरी घरे बहुतेक काळ कुलूपबंद असतात; त्यांचे बलकांव उंच कुंपणाच्या आत रस्त्याकडे पाठ करून बांधलेले असतात आणि त्यावर कोणी बसलेले मी क्वचितच पाहिले आहे. बलकांव हा वाटेवरच्या माणसाशी बोलण्यासाठी असतो. बोलायचेच नसेल तर तो बांधण्याचा खर्च वाचवावा, हा माझा व्यावसायिक सल्ला आहे.

याचा अर्थ बाहेरच्या वास्तुविशारदाला असा पुरस्कार मिळू नये, असा कृपया घेऊ नये. आमच्याकडे 'भायलो' (बाहेरचा) हा शब्द फार चटकन वापरला जातो. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात लासूरजवळ कुष्ठरुग्णांसाठी बांधलेल्या रुग्णालयाला १९९८ च्या फेरीत आगा खान पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याचे रचनाकार यान ओलाव येन्सन आणि पेर क्रिस्तियन ब्रीनिल्डसेन हे दोन तरुण नॉर्वेजियन होते. त्यांनी स्थानिक दगडाच्या भिंती वापरल्या, आत झाडांचे बंदिस्त अंगण ठेवले आणि खर्च बेताचा राखला. खानदेशात जन्मलेल्या कोणा रचनाकाराने तिथे अधिक खानदेशी इमारत बांधली असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कोरिया स्वतःही मूळचे गोव्याच्या कुटुंबातले असले तरी सिकंदराबादेत जन्मले आणि मुंबईत काम करत राहिले. परीक्षकाने रचनाकाराचा दाखला तपासू नये, इमारतीचा तपासावा.

आपण स्वतः प्रवेशिका पाठवणार असाल, असे प्रश्नाच्या सुरावरून वाटते, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. ड्रोनने काढलेली छायाचित्रे एक-दोनच जोडावीत आणि त्याऐवजी जुलै-ऑगस्टमधले, पावसात भिजत असलेल्या इमारतीचे छायाचित्र द्यावे. छेदचित्रात पावसाचा आणि वाऱ्याचा मार्ग दाखवावा. जागेच्या नकाशात शेजारची घरे, झाडे, विहीर आणि उताराच्या समोच्च रेषा असाव्यात, कारण कोऱ्या कागदावर तरंगणारी इमारत कोणत्याही प्रदेशाची नसते. गवंडी आणि सुतार यांची नावे अवश्य लिहावीत. परीक्षक मंडळात बसलेल्या कोणाला तरी त्यांच्याशी बोलायचे असते. विजेचे वर्षभराचे बिल जोडता आले तर वातानुकूलन यंत्राविना घर किती काळ राहण्याजोगे आहे, हे पानभर मजकुरापेक्षा स्पष्ट कळते. आणि दोन पावसाळे अजून झाले नसतील, तर यंदाची मुदत सोडून पुढच्या फेरीत अर्ज करावा.