स्पेस स्टेशन बघायचंय? आधी लोकेशन भरा

स्पेस स्टेशन कधी, कुठे दिसेल हे सांगणारी हेवन्स-अबव्ह ही साइट उघडलीत की पहिलं काम लोकेशन भरायचं. ते रिकामं ठेवलंत तर ती तुम्हाला शून्य अक्षांश-रेखांशावर, आफ्रिकेजवळच्या समुद्रात उभं करते. मग पुण्याच्या गच्चीवर ताटकळायची वेळ येते. टाइमझोनही तपासा, साडेपाच तासांचा घोळ इथेच होतो.

आता साइटवरचा तक्ता, म्हणजे स्टेशन तुमच्या आकाशातून कधी जाणार त्या फेऱ्यांची यादी. तेजस्वितेचा आकडा जितका लहान तितकं स्टेशन ठळक: उणे 3 असेल तर शहरातूनही सहज दिसतं, अधिक 1 असेल तर दिव्यांच्या उजेडात हरवतं. कमाल उंची 40 अंशांच्या वर असेल तीच फेरी निवडा. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात, म्हणजे क्षितिजापासून चार मुठी. त्याखालची फेरी इमारतींमागेच संपते.

साइटवरच्या आकाशाच्या नकाशात उत्तर वर असली तर पूर्व डावीकडे असते. ही चूक नाही, तो डोक्यावर धरून बघायचा असतो.

संध्याकाळी ठिपका चढता चढता मध्येच विझला तर ढगाला दोष देऊ नका. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो, आणि किती वाजता शिरणार हे तक्त्यात दिलेलं असतं. लुकलुकत गेलं तर ते बहुधा विमान.

आठवड्यापूर्वी टिपलेल्या वेळा वापरू नका. स्टेशनची कक्षा अधूनमधून उचलतात, वेळ सरकते. त्याच दिवशी दुपारी परत बघा. पावसाळ्यात मात्र फार आशा ठेवू नका.