शहरी बाबूची गावात फजिती होते असे मूकपट कोणते पाहावेत? आणि चांगली प्रत कशी ओळखावी?

सुरुवात अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटनच्या ‘बॅटलिंग बटलर’ने (१९२६) करा. नायक अल्फ्रेड बटलर (कीटन) हा श्रीमंताघरचा लाडावलेला मुलगा. जरा मर्द होऊ दे म्हणून बाप त्याला डोंगरात शिकारीला पाठवतो. हा सोबत नोकर घेऊन जातो आणि तंबूत पलंगापासून आंघोळीच्या टबापर्यंत सगळा थाट मांडतो. बंदूक घेऊन रानात हिंडतो, जनावरं आजूबाजूलाच असतात, पण त्याला एकही दिसत नाही. कॅमेरा लांब उभा आहे आणि जनावर व माणूस एकाच चौकटीत आहेत, म्हणून हे जमलंय. आधी हरीण, मग बटलर असे तुकडे केले असते तर गंमत गेली असती. उत्तरार्ध मुष्टियुद्धाचा आहे, त्याचा गावाशी फारसा संबंध नाही.

मग ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८). बॉस्टनला शिकलेला मुलगा बेरे टोपी, बारीक मिशी आणि उकुलेले (छोटी गिटार) घेऊन मिसिसिपीकाठच्या रांगड्या बोटवाल्या बापाकडे येतो. बाप आधी मिशी उतरवतो, मग टोपीच्या दुकानात नेतो. तिथे कीटन कॅमेऱ्यालाच आरसा समजून एकेक टोपी घालून बघतो. त्याची नेहमीची चपटी टोपी डोक्यावर येताच घाईघाईने काढून टाकतो. हा प्रसंग दोनदा पाहाच.

‘गो वेस्ट’चा (१९२५) नायक बाबू नाही, कफल्लक आहे. पण गायीखाली बादली ठेवून दूध आपोआप येईल म्हणून वाट बघणारा कीटन चुकवू नका.

आता प्रतींबद्दल. हे तिन्ही अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहेत, त्यामुळे कोणीही काहीही अपलोड करतं. मूळ चौकट साधारण ४:३ (रुंदी:उंची) असते. चेहरे फुगलेले दिसले तर चित्र ताणलंय. रुंद पडदा भरण्यासाठी वरखाली कापलेली प्रत तर घेऊच नका. लांबून घेतलेल्या दृश्यांतली मांडणी त्यात बिघडते. माणसं तुरुतुरु धावत असतील तर वेग चुकलेला असू शकतो: कॅमेरे बहुधा हाताने फिरवत, सेकंदाला किती चौकटी हे ठरलेलं नसे. प्लेअरमध्ये वेग ०.७५ करून पाहा; संगीत रेंगाळायला लागलं तर आवाज बंद ठेवा.

घरातल्या लहानांना दाखवत असाल तर मधल्या मजकुराच्या इंग्रजी पाट्या आल्या की थांबवून मराठीत सांगा. त्या थोड्याच असतात. आपल्याकडे मूकपटांच्या काळात थिएटरातही पाट्या मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत होती.