व्याख्या पाठ आहेत, पण क्लास लिहिता येत नाही

प्रश्न : मी घणसोलीला राहते आणि ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला सी भाषा जमली. आता जावा आहे. इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझमच्या व्याख्या पाठ आहेत, जर्नलही पूर्ण आहे; पण प्रॅक्टिकलला कोरा स्क्रीन समोर आला की साधा क्लास लिहिता येत नाही. बाबा म्हणतात, स्टेशनजवळच्या शिकवणीत फुल स्टॅक कोर्स लावू. मला तर शाखाच बदलावीशी वाटते. घरी लॅपटॉप नाही. काय करू?

उत्तर : शाखा बदलू नकोस, निदान एवढ्या कारणासाठी तरी नाही. सी जमली म्हणजे लूप, अट, फंक्शन तुला कळतं. अडलंय एकाच जागी. जावात नवं ऑब्जेक्ट बनवणारा ‘न्यू’ हा शब्द लिहिल्यावर मेमरीत काय तयार होतं, याचं चित्र तुझ्या डोळ्यांसमोर नाही. व्याख्यांची घोकंपट्टी करून ते येणार नाही, कागदावर काढूनच येईल.

किराणा दुकानातली उधारीची वही आठव. पानाचा छापील नमुना ठरलेला असतो : वर नाव, खाली बाकी. उधार दिलं की बाकी वाढते, जमा केली की घटते. हा नमुना म्हणजे क्लास. भरलेलं एकेक पान म्हणजे ऑब्जेक्ट; ‘न्यू’ लिहिलं की असं एक नवं पान तयार होतं. आणि व्हेरिएबल? ते पान नव्हे. पानाचा नंबर लिहिलेली ती नुसती चिठ्ठी. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

‘ग्राहक’ नावाचा क्लास धर आणि या चार ओळी वहीत उतरव. पहिली : ग्राहक अ = न्यू ग्राहक("सुलभा", 500). दुसरी : ग्राहक ब = अ. तिसरी : ब.जमा(200). चौथीत अ ची बाकी छाप. उत्तर 300 येतं. तुझं 500 आलं असेल, तर दुसऱ्या ओळीत पानाची नक्कल झाली असं तू धरलंस. ‘न्यू’ एकदाच आलंय, म्हणून पान एकच. अ आणि ब या त्याच पानाकडे बोट दाखवणाऱ्या दोन चिठ्ठ्या. एक चौकट काढ, तिच्याकडे दोन बाण काढ, मग 500 खोडून 300 लिही. हे हाताने करणं महत्त्वाचं आहे.

याच चित्राने नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे कोरी चिठ्ठी वापरल्यावर येणारी एररही उलगडते. न्यू ग्राहक[40] लिहिलं की चाळीस ग्राहक तयार होत नाहीत. चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या मिळतात. प्रत्येक जागी वेगळं ‘न्यू’ करून पान जोडावं लागतं. ते न करता पहिल्याच ग्राहकावर मेथड (जमा यासारखी क्रिया) चालवली की प्रोग्रॅम कोसळतो. जावा 15 पासून नेमकी कोणती चिठ्ठी कोरी होती हे एररच्या ओळीतच लिहून येतं. लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर फक्त ओळीचा नंबर दिसेल. त्या ओळीत ज्या ज्या नावापुढे डॉट आहे, ते एकेक तपास.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो स्टॅटिक, म्हणजे एकेका पानाची नव्हे तर सगळ्या क्लासची मिळून एकच, असं सांगणारा शब्द. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेन मेथड स्टॅटिक असते. तिच्यातून थेट ‘बाकी’ वापरली की कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) सांगतो, नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येत नाही. मग लाल रेघ जावी म्हणून मुलं बाकीलाच स्टॅटिक करतात. रेघ जाते, प्रोग्रॅम चालतो आणि उत्तर चुकतं : सुलभाने 200 जमा केले की रमेशचीही बाकी बदललेली दिसते, कारण आता सगळ्या दुकानात बाकी एकच उरली. कंपायलर तुला विचारत होता, ‘कोणाची बाकी?’ त्याचं उत्तर अ.बाकी असं द्यायचं होतं. 1960च्या दशकात नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युला भाषेत ऑब्जेक्टची ही कल्पना आणली, तीच मुळी प्रत्यक्ष जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर चालवण्यासाठी. तिथे प्रत्येक वस्तूची स्थिती तिची तिलाच हवी. सरसकट स्टॅटिक लावलं की त्यातलं काही उरत नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवं पान तयार होताना त्यात किमती भरणाऱ्या भागात, ‘बाकी = बाकी’ लिहिलंस तर बाहेरून आलेली किंमत स्वतःलाच दिली जाते आणि पानावर शून्यच राहतं. एररही येत नाही. धिस.बाकी = बाकी असं हवं; धिस म्हणजे हे चालू पान. कन्स्ट्रक्टरच्या आधी चुकून व्हॉइड पडलं, तर ती साधी मेथड होते आणि दोन किमती घेणारा कन्स्ट्रक्टरच नाही, अशी तक्रार येते.

बाकी प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आतूनच वापरता येणारी) का, हे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात. ‘डेटा हायडिंगसाठी’ एवढंच सांगून थांबू नकोस. बाहेरून कोणीही बाकी उणे हजार करू शकू नये, बदल जमा किंवा उधार या मेथडमधूनच व्हावा आणि रक्कम बरोबर आहे का हे तिथेच तपासलं जावं, असं सांग. प्रत्येक फील्डला (पानावरच्या नाव, बाकी अशा प्रत्येक जागेला) सवयीने सेटर, म्हणजे बाहेरून किंमत बदलणारी मेथड, लावलास तर ही राखण उरत नाही.

इन्हेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास बेतणं) सध्या बाजूला ठेव. दोन सुटे क्लास नीट बोलू लागल्याशिवाय ते कळत नाही. स्ट्रिंगची तुलना दोन बरोबरच्या खुणांनी न करता इक्वल्सने कर. आणि आकडा वाचणाऱ्या नेक्स्टइंटनंतरची, ओळ वाचणारी नेक्स्टलाइन रिकामी येते, ती मागे राहिलेल्या एंटरमुळे; ते वाचून टाकायला एक जादा नेक्स्टलाइन घाल. हा ऑब्जेक्टचा दोष नाही, पण प्रॅक्टिकलची वीस मिनिटं यातच जातात.

लॅपटॉप नसल्याने पहिले दोन आठवडे तुझं काहीही अडणार नाही. रोज पाच-सहा ओळींचा एक प्रोग्रॅम, चौकटी आणि बाण काढून, आउटपुट आधी कागदावर. ठाण्याहून निघून रबाळे येईपर्यंत एक सहज होतो. मग फोनच्या ब्राउझरमध्ये पायथन ट्यूटर ही वेबसाइट उघड. नाव पायथनचं असलं तरी त्यात जावाही चालते आणि प्रत्येक ओळीगणिक चौकटी-बाण दिसतात. तुझ्या चित्राशी ताडून बघ. तिसऱ्या आठवड्यापासून लॅबमध्ये जर्नल बंद ठेवून ‘ग्राहक’ स्वतः टाइप कर : आधी फील्ड, मग कन्स्ट्रक्टर, मग एकच मेथड, लगेच चालवून बघायचं. साठ ओळी एकदम लिहून कंपाइल करू नकोस. लॅबमध्ये ब्लूजे हे जावा शिकण्याचं सॉफ्टवेअर टाकून द्यायला सरांना सांग. ते मोफत आहे आणि त्यात मेन न लिहिता ऑब्जेक्ट तयार करून त्याच्या मेथड चालवता येतात. चौथ्या आठवड्यात ‘दुकान’ हा दुसरा क्लास कर. त्यात ग्राहकांची अरेलिस्ट (वाढवता येणारी यादी), नावाने शोध आणि एकूण येणं.

बाबांना सांग, फी भरायची घाई नको. फुल स्टॅकमध्ये (वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू लिहिण्याच्या कोर्समध्ये) स्प्रिंग हा जावाचा तयार साधनसंच शिकवला, तर तो क्लास आणि इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याची यादी) येतात असं धरूनच. पाया नसताना तिथेही जर्नलसारखं उतरवणंच होईल. पुढे कधी प्रवेश घ्यायचाच असेल, तर आधी एक तास बसून बघा, मुलं स्वतः किती वेळ टाइप करतात आणि त्यांचा कोड कोण तपासतं ते विचारा, फी परतीची अट लेखी घ्या. ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी बघशील तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा, समोर बसून असा छोटा क्लास लिहिता येणं आणि तो तसा का लिहिला हे सांगता येणं उपयोगी पडेल.

महिनाभराने अडलंच, तर एररचा फोटो पाठवू नकोस. ज्या ओळीवर प्रोग्रॅम थांबला, तिथपर्यंतचं चौकटी-बाणांचं चित्र पाठव.