जुन्या प्रसारण लिमिटरमध्ये नेमके काय बदलावे?

प्रश्न : प्रसारण केंद्राच्या जुन्या मिक्सरमधून निघालेले एक लिमिटर मॉड्यूल मला मिळाले आहे. ते डायोड-ब्रिज पद्धतीचे (डायोडच्या जोडणीतून आवाजाची पातळी कमी करणारे) असून २४ व्होल्टवर चालते. गायन आणि तालवाद्यांच्या रेकॉर्डिंगसाठी मी ते वापरून पाहिले. नेहमीच्या पातळीला ते काहीच करत नाही, पातळी वाढवली की आवाज एकदम दाबते आणि तो पूर्ववत व्हायला फार वेळ लागतो. त्याच्या इनपुटला ॲम्प्लिफायर जोडावा की आतील कपॅसिटर बदलावेत?

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे तो बिघाड नसून त्या मॉड्यूलचे मूळ कामच आहे. ट्रान्समीटरकडे मर्यादेपलीकडची पातळी जाऊ नये, एवढ्यासाठीच असे लिमिटर बनत. त्यामुळे त्यांचा थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणे सुरू होते ती पातळी, बराच वर, अनेकदा +८ डीबीयू म्हणजे सुमारे १.९५ व्होल्टच्या आसपास असतो, आणि श्रोत्याला चढउतार जाणवू नये म्हणून रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज पूर्ववत होण्याचा वेग, संथ ठेवलेला असतो.

इनपुटला ॲम्प्लिफायर जोडण्याचा विचार सोडून द्यावा. ब्रिजमधील डायोडचा रोध त्यातून वाहणाऱ्या नियंत्रक प्रवाहानुसार बदलतो (१ मिलिॲम्पिअरला सुमारे २६ ओहम, त्याच्या दहाव्या हिश्शाला सुमारे २६०) आणि ध्वनिसंकेत या प्रवाहाच्या तुलनेत अगदी लहान असला तरच विकृती आटोक्यात राहते. म्हणूनच संकेत आधी खाली आणून ब्रिजनंतर पुन्हा वाढवलेला असतो. अशा ठिकाणी इनपुट वाढवणे म्हणजे विकृतीला आमंत्रण होय. त्याऐवजी साइडचेनचा, म्हणजे पातळी मोजून नियंत्रक व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाचा, गेन (वर्धन) वाढवावा. थ्रेशोल्ड तितकाच खाली येतो आणि मुख्य संकेतमार्गाला हातही लागत नाही. साइडचेन आउटपुटवरून घेतलेली असेल, आणि अशा मॉड्यूलमध्ये ती बहुधा तशीच असते, तर घटलेली पातळी भरून काढणारा ॲम्प्लिफायर त्या जोडणीच्या नंतरच बसवावा, अन्यथा त्याची नॉब फिरवताच थ्रेशोल्डही सरकेल. थ्रेशोल्ड खाली आणून नंतर गेन दिला की खरखरही तेवढीच वर येते. ही किंमत मात्र टळत नाही.

रिलीजसाठी कपॅसिटर नव्हे, त्याला समांतर असलेला रेझिस्टर बदलावा. १ मायक्रोफॅरड आणि १ मेगाओहम असतील तर कालस्थिरांक (दोन्हींचा गुणाकार) १ सेकंद येतो. रेझिस्टर २२० किलोओहम केला की तो सुमारे ०.२२ सेकंद होतो. कपॅसिटर लहान केल्यास अटॅकही (दाब लागू होण्याचा वेग) त्याच प्रमाणात वेगवान होतो, कारण दोन्हींत तोच कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो. निवडीसाठी रोटरी स्विच बसवणे उत्तम, पण ०.१ सेकंदाच्या फार खाली जाऊ नये. ५० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. नियंत्रक व्होल्टेज त्याच्या मागोमाग हलू लागले की खर्जाचे स्वर चिरकतात.

हे सर्व करण्याआधी मॉड्यूल मूळ स्थितीत तपासून मोजमापे लिहून ठेवावीत, ही पायरी उत्साहाच्या भरात हमखास वगळली जाते. पुरवठ्याची ध्रुवता आधी पाहावी, कारण जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काही मॉड्यूलमध्ये धन टोक अर्थला असते. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना ते किमान ३५ व्होल्टचे घ्यावेत. ट्रान्सफॉर्मर ६०० ओहमच्या भारासाठी असेल आणि आउटपुट आधुनिक, उच्च रोधाच्या इनपुटला जोडले असेल, तर वरच्या स्वरांत उठाव येतो. तेव्हा आउटपुटवर ६०० ओहमच्या जवळपासचा रेझिस्टर लावावा. पुष्कळदा ‘जुना लिमिटर कर्कश आहे’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

मॉड्यूल एफएम प्रसारणासाठीचे असेल तर साइडचेनमध्ये प्री-एम्फसिसचे (प्रसारणापूर्वी वरचे स्वर वाढवण्याचे) जाळे आहे का, हेही पाहावे. ५० मायक्रोसेकंदांच्या प्री-एम्फसिसमध्ये सुमारे ३.२ किलोहर्ट्झपासून उठाव सुरू होऊन १५ किलोहर्ट्झला तो सुमारे १३.७ डीबीपर्यंत पोहोचतो, म्हणून गायनातील ‘स’ आणि ‘श’ यांवर लिमिटर नको तितका दाब देतो. ते जाळे कापून टाकण्याऐवजी त्याला बायपास स्विच द्यावा, कारण तीक्ष्ण आवाजाच्या गायकासाठी तोच दाब उपयोगी पडतो.