‘एवढं करून द्या, हिशोब नंतर बघू’

प्रश्न : वकीलताई, मी छोटा ठेकेदार, कराडजवळ एकांचा बंगला मटेरियलसकट स्क्वेअर फुटाच्या रेटने घेतलेला. अ‍ॅग्रीमेंट आहे पण दोनच पानांचं. काम चालू असताना मालक म्हणत गेले कंपाउंड अजून वर घ्या, टेरेसवर पत्र्याचं शेड टाका, ओटा पाडून एल शेपचा करा, आणि मी करत गेलो, माणूस बरा वाटला. आता एक्स्ट्राचे ३ लाख ८० हजार मागितले तर म्हणतात कागद दाखवा, वर टेरेस गळतंय म्हणून मूळ बिलातलेपण अडवलेत. मित्र म्हणतो जिन्याचं ग्रिल काढून आण, येतील लाइनवर. काय करू?

उत्तर : आधी ग्रिलला हात लावू नका. एकदा बसवलं की ते घराचा भाग झालं, तुम्ही काढायला गेलात की मालक पोलिसात जाणार आणि मग पैशाचा विषय बाजूलाच राहील. चावी अडवून ठेवायचं डोक्यात असेल तर तेही सोडा.

कागद नाही म्हणजे पैसे नाहीत असं काही नसतं. तोंडी करारसुद्धा करारच असतो आणि करार कायदा १८७२ चं कलम ७० सांगतं की फुकट करायचा इरादा नसताना कुणी रीतसर काम केलं आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. फक्त ती दोन पानं नीट वाचा, ‘लेखी ऑर्डरशिवाय जादा कामाचे पैसे नाहीत’ अशी ओळ असेल तर भांडण अवघड होतं.

मग पुरावा कुठून आणायचा, तर तुमच्या फोनमधून. ‘पत्रा निळा नको, राखाडी घ्या’ एवढा मेसेज असला तरी शेड कुणी सांगितलं ते कळतं. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट लागतं. पत्र्याची, लोखंडाची बिलं काढा, इंजिनियर घेऊन मालकांसमोर मेजरमेंट करा, सही करत नसतील तर तोच तक्ता स्पीड पोस्टने पाठवा.

गळतीचं मात्र हलक्यात घेऊ नका, ‘आधी बिल मग रिपेरी’ हे उत्तर तर अजिबात देऊ नका, कारण २०१९ च्या ग्राहक कायद्यात घरबांधणी ही सेवा आहे आणि मालकांना दोन वर्षांत ग्राहक आयोगात जाता येतं. दुरुस्तीला तयार आहे असं लेखी कळवा आणि जाऊन बघा, माझा संशय शेडच्या अँकर बोल्टवर आहे, कोबा (टेरेसवरचा पाणी अडवणारा थर) फोडून ते खाली गेले असतील तर पाणी तिथूनच उतरतंय. तसं असेल तर रिपेरी तुमच्याच गळ्यात, पण ‘तुमच्या शेडमुळे गळतंय’ असं मालकांनी एकदा लिहिलं की शेड तुम्ही बांधलं हे त्यांनीच कबूल केलं ना!

पैशासाठी कोर्टात दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं, पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम झालं त्या दिवसापासून मोजायची, बिल दिलं त्या दिवसापासून नाही. मध्ये पाच-दहा हजार यूपीआयवर आले म्हणून मुदत वाढली असं धरू नका, मुदत संपायच्या आत बाकीची कबुली त्यांच्या सहीनिशी घ्या. कोर्टाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून बघा, तिथे तडजोड झाली तर कोर्ट फी वाचते.

प्रश्न : स्लॅबच्या हप्त्याचा चेक बाउन्स झाला, मालक म्हणतात पुढच्या महिन्यात परत टाका. टाकू का?

उत्तर : टाका, पण चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात एनआय अ‍ॅक्टच्या (चेकबद्दलचा कायदा) कलम १३८ ची तक्रार. या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, गोड बोलण्यात नेमक्या याच निघून जातात.

प्रश्न : मी फक्त लेबर रेटने काम घेतो, जीएसटी लागतो का?

उत्तर : एका कुटुंबाचं सुटं घर आणि निव्वळ मजुरी असेल तर माफ आहे. मटेरियल तुमचं आलं की तो वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, त्याला १८ टक्के, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. सिमेंट मालकाचं असेल तर दुकानाचं बिलही मालकाच्याच नावाने फाडायला सांगा.